डुकराची पसंती

आमच्या तालुक्यात शेतराखणीची बंदूक घ्यायची तर ज्या डुकरावर ती चालवायची त्या डुकराची पसंती लागते. त्याचा खूर कागदावर उठल्याशिवाय कचेरीतून परवाना मिळत नाही. बाहेरचे लोक याला हसतात. मी हसत नाही. पायताण ज्याच्या पायात जायचं त्याला आपण विचारतो, मग गोळी ज्याच्या अंगात जायची त्याला विचारायला काय होतंय?

घराला न्हावी ठरलेला असतो तसा आमच्याकडं शेताला डुक्कर ठरलेला असतो. तो दुसऱ्याच्या पिकात तोंड घालत नाही आणि दुसऱ्याचा आपल्यात येत नाही. आमच्या ओढ्याकडच्या भाताला जो आहे त्याला माझा बाप ‘पावणं’ म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच पावणं म्हणतो. पावण्यांचा डावा कान मधोमध फाटलेला आहे. तो बापानं गोळीनं फाडला, मी चौथीतून शाळा सोडली त्या सुगीत. दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यावर भेटले तेव्हा पावणं एवढंच म्हणाले की भरमू, जरा वर गेली. बाप म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

असं पुढच्या वर्षी बघू, बघू करत दोघंही म्हातारे झाले.

बाप डावखुरा होता. त्याच्या विळ्याचे दाते लोहाराकडून उलट्या अंगानं पाडून घ्यावे लागायचे. बंदूकही तशीच, डाव्या खांद्याची. बोल्ट डावीकडं आणि दस्त्याला गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला. दस्ता लाकडाचा. आमच्या बांधावर एक शिसव होतं, ते वाळलं तेव्हा बापानं त्याचा बुंधा बैलगाडीत घालून बाजारच्या गावी नेला आणि शिकलगारांकडून दस्ता करून आणला. त्याला तो जवसाचं तेल चोळत बसायचा. तेल, घाम आणि तंबाखू यांचा मिळून जो वास त्या दस्त्याला होता, तो मला अजून कुठं आला तर मी चालता चालता थांबते. आजकाल येत नाही कुठं.

मीही डावखुरीच. शाळेत गुरुजी डाव्या हातावर छडी मारायचे. बापानं एकदा शाळेत येऊन विचारलं, पोरीनं पेन्सिल कुठल्या हातानं धरायची ते तुम्ही ठरवणार, मग सुगीला येऊन भात कुठल्या हातानं कापायचं तेही सांगून जा. त्यानंतर छडी बंद झाली. पुढं शाळाही बंद झाली, पण ते छडीमुळं नव्हे.

गेल्या वैशाखात बाप गेला. त्याच्या मागोमाग बंदुकीची नळी चिरली. कुणी चालवली नव्हती. खुंटीवर टांगलेली होती, तिथंच चिरली. कचेरीनं ती दस्त्यासकट जमा करून घेतली. दहाव्याला पावणं ओढ्यापलीकडं येऊन उभे राहिले, पाण्याला तोंड लावलं आणि गेले. सुतक फिटेपर्यंत त्यांनी बांधावरच्या सुरणाचा कंदसुद्धा उकरला नाही. गावातली माणसं तेराव्याच्या आधी शेताच्या वाटणीचं विचारून गेली होती.

वाटणीचं आमच्याकडं सोपं आहे. बंदूक ज्याची, माळा त्याचा. माळ्यावर जो राखणीला बसणार, शेत तो कसणार. माझा धाकटा भाऊ रवळू कोल्हापुरात गॅरेज चालवतो. त्याला त्या जागेवर पोल्ट्री घालायची होती. मला भात लावायचं होतं, घनसाळ, बाप लावायचा तेच. दोघांनीही अर्ज केले. मग ठरलं की बाजारच्या दिवशी शिकलगारांच्या दुकानात पावण्यांनी बंदुका बघायच्या. जी पसंत पडेल ती, आणि ती ज्याची त्याचं शेत. एकही पसंत पडली नाही तर मुलाच्या मनाप्रमाणं होतं, असा नियम आहे. हा नियम करणारा मला भेटला तर त्याला मी माझ्या भाषेत विचारणार आहे.

पावण्यांना घेऊन मी सकाळच्या एसटीनं निघाले. कंडक्टर त्यांचं लगेजचं तिकीट फाडायला लागला. मी म्हटलं, ते कचेरीच्या कामाला निघालेत, माणसाचं फाड. तो म्हणाला, चार पाय आहेत. पावणं म्हणाले, बाकड्याला पण आहेत. शेवटी कंडक्टरनं ज्येष्ठ नागरिकाचं फाडलं आणि वयाचा दाखला मागितला नाही, कारण दात दिसत होते. खिडकीकडची जागा मी त्यांना दिली. घाट चढताना ते म्हणाले की पूर्वी ही सगळी टेकडी कारवीची होती. मला ते माहीत नव्हतं.

दुकानात बाबालाल शिकलगारनं ताडपत्री अंथरून ठेवली होती. बापाच्या बंदुकीचा दस्ता त्याच्या बापानं केलेला, त्यामुळं तो मला आक्का म्हणतो. रवळू आधीच येऊन बसला होता, डोळ्यावर गॉगल. त्यानं दाखवली ती उजव्या खांद्याची, काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची. तो समजावून सांगायला लागला की हिला तेल लागत नाही, पावसात ही फुगत नाही, वर दुर्बीण आहे. मग आवाज खाली करून म्हणाला, “पावणं, तुमच्याच सोयीचं सांगतो. एका गोळीत काम. हाल न्हाईत.”

पावण्यांनी तिचा वास घेतला. पुन्हा घेतला.

“हिला वास न्हाई,” ते म्हणाले. “माळ्यावर कोण बसलंय ते मला कळणार कसं?”

रवळू म्हणाला, कळायचं कशाला?

पावण्यांनी त्याला सावकाश सांगितलं. लाकूड माणसाचा घाम पितं. वारा वरून आला की भरमू बसलाय, का भरमूला ताप आहे, का आज घरात भांडण झालंय, हे ओढ्यातच कळायचं. त्याप्रमाणं ते पुढं यायचे किंवा थांबायचे. कुणी मारलं ते न कळता मरणं त्यांना पसंत नव्हतं. दुसरं असं की ते इतकी वर्षं ओढ्याकडून, म्हणजे माळ्याच्या उजव्या हातानं येतात. माळ्याच्या पाठीला जांभळाचा बुंधा. डाव्या खांद्याचा माणूस बसल्या जागी उजवीकडं वळतो. उजव्या खांद्याच्या माणसाला त्यासाठी कंबर मोडून घ्यावी लागेल. या वयात वाट बदलणं आपल्याला जमणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं.

“आणि कोंबड्या घातल्यास तर मी खाऊ काय?” असंही त्यांनी विचारलं. तिथं बाबालालनं त्यांना थांबवलं. पसंती बंदुकीपुरती असते, शेतात काय लावायचं हा वेगळा विषय. पावण्यांनी ते मान्य केलं.

माझ्यासाठी बाबालालनं डाव्या खांद्याची एक काढून ठेवली होती. अक्रोडाचा दस्ता, त्यावर वेलबुट्टी, आरशासारखं पॉलिश. मला ती बरी वाटली. पावण्यांना शिंका आल्या. नाक ताडपत्रीला पुसून ते मला म्हणाले, “लाकूड चांगलं असंल, इंदे. पण हे कुठलं झाड, मला म्हाईत न्हाई. अनोळखी झाडाकडून गोळी नको.”

मी म्हटलं, पावणं, आता नखरे करू नका. नवरी बघायला आलेल्या पोरासारखं चाललंय तुमचं.

त्यांनी खूर पुढं केला नाही. रवळूनं गॉगल काढून खिशात ठेवला, म्हणजे आता शेत आपलंच हे त्याला कळलं होतं. बाबालाल मान खाली घालून म्हणाला की डाव्या खांद्याची लाकडाची आणखी नाही. हल्ली कोण मागतंय? मला त्या घडीला समोर भात दिसेना, पत्र्याची शेड दिसायला लागली. आणि बापाचा माळा मोडून त्याच्या फळ्यांवर कोंबडीचं खाद्य ठेवलेलं.

पावणं उठले. उठले आणि गल्ल्याच्या मागं गेले. बाबालाल म्हणाला, तिकडं गिऱ्हाइकाला बंदी आहे. ते थांबले नाहीत. आतल्या खोलीत जुनी पोती होती. त्यांत त्यांनी नाक घातलं आणि सुळ्यात अडकवून एक पोतं ओढत बाहेर आणलं. त्यात एक बंदूक होती. डाव्या खांद्याची, बोल्टला गंज. दस्ता काळा, साधा, शिसवाचा.

बाबालाल म्हणाला, “आक्का, ही विकायची न्हवती. तुमच्या शिसवाचं दोन दस्त्यांचं लाकूड निघालं होतं. आमचे वडील म्हणाले, भरमूची कधी मोडली तर दुसरी तयार पायजे. ठेवून दिली. मग मोडलीच न्हाई.”

पावण्यांनी दस्त्याचा वास घेतला नाही. बाबालालनं बंदूक भिंतीला टेकवून उभी केली होती, तिच्या दस्त्याला त्यांनी पाठ लावली आणि वरपासून खालपर्यंत अंग घासलं. डोळे मिटून. बाबालाल म्हणाला, लाकडाला ओरखडे पडतील. पावणं म्हणाले, “पूर्वीचे पण माझेच हाईत. हे झाड उभं होतं तवा रोज घासायचो. जरा डावीकडं गाठ हाय बघ.”

गाठ होती.

रवळू म्हणाला की हे नियमात बसत नाही, ही दुकानात मांडलेली नव्हती. बाबालाल म्हणाला, दुकानातून निघाली ना. मग रवळूनं शेवटचं विचारलं, “पावणं, आक्का बाईमाणूस. तिनं माया केली तर? नेम चुकवला मुद्दाम, तर तुमचीच फजिती.”

मी बंदूक उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. म्हटलं, “मी माया करणार न्हाई. माझ्या भातात दिसलात की घालणार. आत्ताच सांगून ठेवते.”

“भरमू पण हेच म्हणायचा,” पावणं म्हणाले. “दरसाल.” आणि त्यांनी खूर पुढं केला. बाबालालनं शाई लावली.

दस्ता मला लांब पडत होता. बापाचे हात लांब होते. बाबालालनं विचारलं, कापू का? पावणं म्हणाले, राहू दे तसाच. मी म्हटलं, कापा. बंदूक मी धरणार आहे, आठवण नव्हे. बाबालालनं करवतीनं मागचा दोन बोटांचा तुकडा उतरवला. तो पावण्यांनी मागून घेतला आणि परतीच्या एसटीत पूर्ण वेळ तोंडात धरून बसले. त्यामुळं बोलणं झालं नाही. कंडक्टर तोच होता. त्यानं तुकड्याचं लगेज लावलं नाही.

रवळू पेरणीला आला नाही, पण त्यानं बोल्टचा गंज काढायला गॅरेजातलं तेल पाठवलं. मी दस्त्याला जवसाचंच लावलं.

भात दुधात आलं तेव्हा पावणं आले. दिवस मावळत होता, पण दिसत होतं. वारा माळ्यावरून ओढ्याकडं होता, म्हणजे मी बसलेय हे त्यांना कळलं होतं. तरी आले. येताना मी बोल्ट ओढत होते, तो अडकला. ते माझ्यासमोरून गेले, भातात शिरले आणि नेहमीच्या कोपऱ्यातलं खाल्लं. मी बोल्ट सोडवला. ते ओढ्याकडं परत निघाले तेव्हा उजवं अंग माझ्याकडं होतं. मी गाल टेकवला. लाकूड गार होतं. नेम धरला, सगळं मन लावून धरला, आणि चाप ओढला.

धूर विरला तेव्हा ते उभेच होते. उजवा कान मधोमध फाटला होता.

त्यांनी दोन्ही कान हलवून बघितले.

“जरा वर गेली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.