बोरकुटे काकांचा खडू

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या भागात भिंतींवर जेवढी कुत्री रंगवलेली आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त आजारी आहेत. हे माझं मत नाही. बोरकुटे काकांनी त्यांच्या पोटावर खडूने तसं लिहून ठेवलं आहे.

काका रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायच्या कामावर होते. छत्तीस वर्षं त्यांनी हातोडीने चाकं ठोकून पाहिली आणि जिथे खोट दिसली तिथे डब्यावर खडूने ठळक 'सिक' लिहिलं. सिक लिहिलेला डबा गाडीतून निघतो, दुरुस्तीला जातो आणि बरा होऊन आला की त्याच्यावर 'फिट' लिहितात. रिटायर झाले त्या दिवशी काकांनी हातोडी जमा केली. खडू खिशातच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसंच.

पहिला बळी आमचं फाटक. ते कुरकुरायचं. एका सकाळी बघते तर त्याच्यावर 'सिक'. मी विचारायला गेले तर काका म्हणाले, "बेटा, कब्जा ढिला आहे. आज आवाज करून राहिला, उद्या पोट्ट्याच्या पायावर पडन." मी बिजागरी घट्ट करून घेतली. दुसऱ्या दिवशी न सांगता 'फिट' आलं. मग आमच्या ह्यांची स्कूटर सिक झाली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा ठेला सिक झाला, आणि एका लग्नाच्या मांडवाचा खांब सिक झाला. मुलीच्या बापाला ते अपशकुनी वाटलं. त्याची समजूत घालता घालता काकूंच्या नाकी नऊ आले.

पुढे शहरात भिंती रंगवायची लाट आली. मोर आले, शिंगं लावून नाचणारे बस्तरचे लोक आले, आणि का कोण जाणे, कुत्री आली. गॉगल लावलेली, सायकल चालवणारी, पुस्तक वाचणारी. मोरांना काकांनी कधी हात लावला नाही. "मोर मले समजत नाही," म्हणायचे. कुत्रं मात्र त्यांना समजत होतं. सदर बाजारात एका भांडीवाल्याच्या शटरवर पळता कुत्रा काढला होता. काकांनी भर बाजारात गाड्या थांबवून त्याच्या मांडीवर 'सिक' लिहिलं. दुकानदार धावत आला. "अरे भैया, ये क्या लिख दिया?"

"पीछे का पाँव उल्टा मुड़ा है," काका शांतपणे म्हणाले. "ऐसा दौड़ेगा तो पटरी से उतर जाएगा."

कुत्रं समजण्याचं कारण बफर. आमच्याच गल्लीत नाल्याकाठी जन्मलेला आणि काकांनी घरी आणलेला तपकिरी गावठी कुत्रा. डावा कान मधोमध दुमडलेला, शेपूट उजवीकडे वळलेली. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे दणका सोसायला जो असतो तो बफर. "आमच्या दोघाइच्या मधात हाच राह्यते," असं काकांनी नावाचं स्पष्टीकरण दिलं होतं. ते अक्षरशः खरं होतं.

काकूंचं लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे होते, आणि त्यांच्या देखत नवरा-बायकोने एकमेकांशी थेट बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं असलं की पाळण्यातल्या मुलीला सांगायचं. "बेबी, सांग तुह्या बाबाले, पाणी तापलं." सासू-सासरे गेले, सवय राहिली. बेबी लग्न होऊन बंगळुरूला गेली, तेव्हा बोलणं बफरकडे आलं. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, त्यामुळे रोज जेवणाच्या वेळी मला सगळं ऐकू यायचं.

"बफर, सांग तिले, वरणात मीठ जास्त झालं."

"बफर, सांग त्याइले, उद्यापासून स्वतःच करत जा म्हणा."

"बफर, सांग तिले, काल बी जास्तच होतं."

बफर मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत असणार. मला तर कधी कधी त्याचीच दया यायची. मिठाची ही तक्रार मी बारा वर्षं ऐकली. एकदा काकूंनी मुद्दाम आमच्याकडे वाटीभर वरण पाठवलं आणि विचारलं, "तूच सांग वं, जास्त आहे काय?" नव्हतं. अगदी बरोबर होतं. मी तसं काकांना सांगितलं तर म्हणाले, "तुही जीभ सिक आहे."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पंधरा दिवस घरात पाहुणे होते. ते गेल्यावर भिंतीपलीकडे शांतता होईल असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच दिवशी आवाज आला, "बफर, विचार तिले, हळदीचा डबा कुठं ठेवला." मी पोळी लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. मग डोळे पुसून आमचा हळदीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी तो घेतला नाही. म्हणाले, "घरात आहे. सापडन."

या वर्षी थंडीत बफरने खाणं सोडलं. चौदा वर्षांचा झाला होता. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की किडन्या गेल्या आहेत, आता काही आठवडेच. काका घरी आले ते थेट आमच्याकडे. चहा घेतला, पेपर चाळला आणि उठता उठता म्हणाले, "बेटा, मले थेट बोलाची सवय नाही. हा गेला तं मी कोणाजवळ सांगू?" 

उत्तर त्यांनीच शोधलं. आमच्या कॉलनीची लांब भिंत त्याच आठवड्यात रंगवायला काढली होती. काम रेणुका नावाच्या मुलीकडे होतं. मुलगी मराठीच, पण इथेच रायपूरला वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. तिला झाडावर माकडं काढायची होती. काकांनी तिच्यापुढे बफरला पोत्यावर बसवलं आणि म्हणाले, "हा काढ."

तिने काढला. चांगला काढला, आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. सकाळी पाहिलं तर पोटावर 'सिक', आणि कानाकडे बाण. दोन्ही कान उभे होते.

"अंकल, खड़े कान स्मार्ट लगते हैं. ये आर्ट है."

"आर्ट नाही वं पोट्टे, डिफेक्ट आहे."

तिने कान दुमडला. पुन्हा 'सिक'. शेपूट डावीकडे वळली होती. तिने शेपूट वळवली. तिसऱ्यांदा 'सिक' दिसलं तेव्हा रेणुकाने ब्रश डब्यात आपटला आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "दीदी, आप ही समझाओ इनको. हूबहू तो बना दिया!" मी तिच्याबरोबर भिंतीशी गेले. मलाही काही चूक दिसेना. खरं सांगते, मलाही तेव्हा काकांचा राग आला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं मनात आलं.

"हुबहू आहे," काका म्हणाले. "पण हा समोर पाहून राहिला."

"तो क्या हुआ?"

"बफर चालतानी समोर कवा पाह्यते?"

तेव्हा मला ते आठवलं. रोज संध्याकाळी तिघं फिरायला निघायचे. काका ताडताड पुढे, काकू गुडघे धरत वीस पावलं मागे, आणि मधे बफर, चालणं पुढे आणि मान मागे, काकू येतात की नाही बघत. त्या दिसेनाशा झाल्या की तो थांबायचा. तो थांबला की काकाही थांबायचे, आभाळाकडे बघत, जणू ढगांसाठीच उभे आहेत. काकू गेल्यावरही बफर तसाच चालायचा. मागे रिकामा रस्ता असायचा, आणि काका थांबायचे.

मी हे रेणुकाला सांगितलं. तिने ब्रश उचलला. अख्खी मान पुसून मागे वळवायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काका आले. भिंतीवर मुठीने ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं, दोन पावलं मागे सरले. खिशातून खडू काढला आणि लिहिलं, 'फिट'. खरा बफर हळूहळू पुढे आला, स्वतःच्या चित्राचा वास घेतला आणि कोपऱ्यावर पाय वर केला. रेणुका किंचाळली. काका म्हणाले, "राहू दे. त्यानंबी पास केलं."

अकरा दिवसांनी बफर गेला.

त्यानंतर भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येईना. मी दोनदा डबा दिला, तो धुऊन परत आला. "कसे आहात" विचारलं तर "हव, ठीक" एवढंच. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बेबीला फोन करायला हवा.

परवा सकाळी दूध आणायला निघाले तर काका भिंतीशी उभे दिसले. हातात स्टीलची वाटी होती. 'फिट' दवाने पुसट झालं होतं, ते त्यांनी आधी खडूने गिरवलं. मग इकडेतिकडे पाहिलं. मी कडुलिंबाआड होते, त्यांना दिसले नाही. त्यांनी वाटीतलं स्वतःच्या हातचं वरण बोटाने चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि घसा खाकरला.

"बफर," ते म्हणाले, "सांग तिले, मीठ बराबरच होतं. पह्यल्यापासून."