लुगड्याखालची हवा

हवा कुणाच्या बापाची नसते. म्हणूनच ती कागदावर कुणाच्या तरी नावे असणे आवश्यक ठरते.

केनवडच्या शिवारात सोजरबाईचे सांबाराचे आठ वाफे आहेत (सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीशी संबंध नाही). त्या वाफ्यांवर तिचे घर चालते. वाफ्यांना लागूनच ‘प्राणवायू नगरी’ नावाचा प्लॉटांचा लेआउट पडायचा होता. लेआउट म्हणजे धूळ उडणार. तेव्हा आधी हवा मोजावी, मग परवानगी घ्यावी, मग धूळ उडवावी, असा विवेकी क्रम सरकारच्या हवा कक्षाने घालून दिला आहे. (पूर्वी लोक न मोजताच उडवत.)

हवा मोजायला उत्कर्ष नावाचे तज्ज्ञ आले. लेआउटवर वीज नव्हती, म्हणून मशीन सोजरबाईच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ लावली. हवा आत ओढायची, पांढऱ्या कागदावर धूळ जमवायची, चोवीस तासांनी कागद तोलायचा, एवढेच तिचे काम. “महागाची मशीन आहे मावशी, सांभाळा,” असे सांगून तज्ज्ञ रिसोडला जेवायला गेले.

सोजरबाईने सांभाळली. शेजारच्या वावरात सोयाबीनचे मळणीयंत्र चालू होते आणि भुसा सरळ मशीनच्या तोंडाकडे येत होता. लोकाची वस्तू आपल्या दारात मळली तर माणसाने तोंड कुठे दाखवावे? तिने दोरीवरचे धुतलेले लुगडे काढले, चार पदरी करून मशीनला गुंडाळले आणि वरून सुतळी बांधली.

“पाहुण्याले कोणी बी जेवू घालते,” तिचा नवरा पुंजाजी म्हणाला. “तू मशीनले लुगडं नेसवलं.”

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ यायच्या आत तिने लुगडे सोडून घडी घातली. कागद बगळ्यासारखा निघाला. तज्ज्ञांनी कागदाकडे पाहिले, मळणीयंत्राकडे पाहिले आणि कागदावर विश्वास ठेवला. ‘मशीन चोवीस तास जागेवर व सुस्थितीत होती’ याखाली साक्षीदार म्हणून सोजरबाईने सही केली. ते खरेच होते.

धूळ: शून्य.
धूर: शून्य.
शेजारी: समाधानी.

असा निकाल याआधी फक्त प्रपत्राच्या नमुन्यात, उदाहरणादाखल छापलेला होता. परवानगी आठ दिवसांत आली.

अट १. हवा आहे तशी ठेवावी.
अट २. रस्त्यावर पाणी मारावे (टँकरचा फोटो पुरे).
अट ३. (झेरॉक्समध्ये कापली गेली. पाळली जात आहे.)
अट ४. तक्रार आल्यास साक्षीदारास विचारावे.

मग मुरमाचे डंपर सुरू झाले. पहिल्या आठवड्यात सांबार मुरमाच्या रंगाचा झाला. पहिल्या बाजारातून अर्ध्या जुड्या परत आल्या, दुसऱ्यातून सगळ्या. त्या परत आलेल्या जुड्यांवरून शेळीनेही तोंड फिरवले. सोजरबाईने तक्रार केली.

अट चारप्रमाणे साक्षीदारास बोलावण्यात आले. साक्षीदार सोजरबाईच होती. सोजरबाईची तक्रार खरी आहे का, असे सोजरबाईला विचारण्यात आले. ती हो म्हणाली. मग शून्याखाली सही कुणाची, असे विचारण्यात आले. तीही तिचीच.

तेव्हा तिने सांगून टाकले. “साहेब, मशीन म्या झाकली होती. धूळ जाईन तिच्यात, म्हणून.”

कक्षाचे अधिकारी बबनराव यांनी पेन खाली ठेवला. आता बायको जेलात जाते, म्हणून पुंजाजीने डोळे मिटले.

“कशानं झाकली?”

“धुतल्या लुगड्यानं.”

“चोवीस तास?”

“तुमच्याच कागदात लिवलं हाये ना.”

बबनरावांनी पेन उचलला. गुन्ह्यातूनही शास्त्र शोधणारे अधिकारी आजकाल दुर्मीळ आहेत. आदेश असा: ‘लुगड्याने धूळ शंभर टक्के थांबते, हे मशीनने सिद्ध केलेले आहे. असे असता तक्रारदाराने हा उपाय परक्याच्या मशीनसाठी केला, स्वतःच्या पिकासाठी केला नाही. हलगर्जीपणा दिसतो. सात दिवसांत पीक झाकावे.’

“सांबाराले ऊन पायजे ना, साहेब.”

“उन्हाचा कक्ष वेगळा आहे, बाई.”

आठ वाफ्यांना अकरा लुगडी लागली. पाच तिची, दोन सासूची, उरलेली गल्लीतून. तपासणी झाली, समाधानकारक शेरा मिळाला. दहाव्या दिवशी लुगडी उचलली तर खाली सांबार हळदीच्या नवरीसारखा पिवळा. आता तिने अर्धे वाफे झाकलेले ठेवले आहेत, अर्धे उघडे; त्यामुळे तिच्या पाटीत दोन प्रकारच्या जुड्या असतात: झाकलेल्या पिवळ्या आणि उघड्या तांबड्या. (ग्राहकाला निवड असावी.) हिरवी नसते. या हंगामात बियाण्यापुरताही सांबार वाचायचा नाही, असे पुंजाजी म्हणतो. पण त्याला शास्त्र कळत नाही.

गेल्या रविवारी तुम्ही प्लॉट बघायला आला होता. चौदा नंबर, पूर्वमुखी. हवेचा दाखला पाहिला, शून्य पाहून खूश झालात. मागे रंगीबेरंगी लुगड्यांचे वावर दिसत होते, ते फोटोत येईल असे उभे राहिलात. श्वास मोकळा झाला, असे म्हणालात. परत जाताना फाट्यावर गाडी थांबवली, सोजरबाईच्या पाटीतली तांबडी जुडी उचलली, नाकाला रुमाल लावून दोनदा झटकली आणि खाली ठेवली.

“चौदा नंबरचीच धूळ हाये ती,” सोजरबाई म्हणाली. “तुमचीच हाये. घेऊन जा.”

तुम्ही काच वर केली. (आत हवा चांगली होती.)