झऱ्यावरची शिळा आणि सेनापतींचं हेलिकॉप्टर

एका जंगलात एक उंच पठार होतं आणि त्या पठारावर एकच झरा होता. एका उन्हाळ्यात मागच्या कड्यावरून एक मोठी शिळा घरंगळली आणि नेमकी झऱ्याच्या तोंडावर जाऊन बसली. आता तुम्ही विचाराल, जरा बाजूला का नाही बसली? बाळांनो, बाजूला बसली असती तर मी इथे घसा कशाला कोरडा केला असता?

पाणी बंद झालं. पठारावर राहणाऱ्या भागूबाई अस्वलिणीला रोज तीन कोस घाट उतरून नदीवर जावं लागे. तिच्या सासूचा तर घाटात पाय मोडला. म्हातारी गुहेत पडल्या पडल्या पाणी मागायची आणि पाणी आलं की ते कोमट आहे म्हणून बोल लावायची. शेवटी भागूबाईनं माकडं गोळा केली आणि शिळा फोडायचं ठरवलं.

तेवढ्यात राजाचा हुकूम आला. सिंहमहाराजांनी ती शिळा उचलायला हेलिकॉप्टर बनवायचं ठरवलं होतं. शिळेचं वजन कागदावर चढलं होतं. ते कसं केलं म्हणून विचारू नका, मीही विचारलेलं नाही. तर शिळेला कुणी हात लावायचा नाही. एखादा टवका उडाला तरी वजन बदलेल आणि सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागेल.

हेलिकॉप्टर बनवायचं काम चतुराकडे आलं. चतुर म्हणजे हवेत एका जागी उभा राहतो ना, तो. तुम्ही शेपटीला दोरा बांधून ज्याचे हाल करता तोच.

त्याच्या पहिल्या हेलिकॉप्टरला डोक्यावर एकच पंखा होता. ते उडालं खरं, पण पंखा एका बाजूला फिरू लागला आणि खालचं धूड दुसऱ्या बाजूला. आत बसलेला कावळा पुढे आठ दिवस वाकडा चालत होता. मग चतुरानं शेपटीला छोटा पंखा बसवला. दुसरं हेलिकॉप्टर हवेत सरळ उभं राहिलं. नदीकाठी, पहाटेच्या गारव्यात त्यानं शिळेच्याच वजनाचा एक धोंडा दोराला बांधून अलगद उचलला. चतुराच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्याच पठारावर जातो, असं तो म्हणाला.

पण तिथे सेनापती रानडुक्कर हजर होते. सैन्याच्या यंत्राला चिलखत नको का, असं त्यांनी विचारलं. शिळा काही उलटून मारत नाही, असं चतुर भीत भीत म्हणाला. आजवर मारलेलं नाही, एवढंच आपण म्हणू शकतो, असं सेनापती म्हणाले. चिलखत चढलं. मग दोन्ही बाजूंना गोफणी आल्या. मग खुद्द सेनापतींना बसायला आसन आलं, आणि सेनापती काही अंगानं किरकोळ नव्हते. वजन वाढलं म्हणून पंखा वाढला, पंखा वाढला म्हणून इंजिन वाढलं, इंजिनाला तेल जास्त लागू लागलं, आणि तेलालाही वजन असतंच. काळजीनं चतुर वाळून गेला. सगळ्या प्रकरणात वजन कमी झालं ते तेवढंच.

असे तीन उन्हाळे गेले. घाट चढून-उतरून भागूबाईचे गुडघे गेले.

शेवटी वैशाखातल्या भर दुपारी हेलिकॉप्टर पठारावर पोचलं. सेनापती त्याआधी उठत नसत. वर हवा विरळ, त्यात तापलेली. पंखा नुसताच गरगरत राहिला. शिळा जागची हलली नाही. उन्हात आणि उंचावर यंत्राची ताकद कमी पडते, असं चतुर पुटपुटला. सेनापतींनी बराच वेळ विचार केला.

"म्हणजे दगड जास्त जड आहे," ते म्हणाले. "आठ दिवसांत तो हलका करून ठेवा."

"म्हणजे आता हात लावायचा?" भागूबाईनं विचारलं.

"लावायचा म्हणजे काय, लावलाच पाहिजे. यंत्राच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

माकडांनी गोटे उचलले, अस्वलांनी खांदे लावले. तिसऱ्या दिवशी शिळेला तडा गेला आणि खालून पाणी उसळलं. भागूबाई तिथेच मटकन बसली आणि पोटभर रडली. मग भोपळा भरून तिनं सासूला नेऊन दिला. म्हातारी घटाघटा प्यायली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच काही बोलली नाही.

आठव्या दिवशी हेलिकॉप्टर पुन्हा आलं. त्यानं शिळेचा नारळाएवढा तुकडा उचलला आणि दरबारात आणून ठेवला. सेनापतींचा सत्कार झाला. चतुरालाही पागोटं मिळालं, त्यात तो दिसेनासा झाला. मग महाराजांनी भागूबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"यंत्र गुणाचं आहे, महाराज," ती म्हणाली. "ते आलं, त्याला दगड उचलेना, म्हणून तर आम्हाला पाणी मिळालं."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. महाराजांनी खूश होऊन तिथल्या तिथे याच्या दुप्पट मोठं हेलिकॉप्टर मंजूर केलं.

तात्पर्य : अवघड कामासाठी अवाढव्य यंत्र बनवायलाच हवं. त्याला ते काम जमलं नाही, की मग ते आपल्या हातानं करायची परवानगी मिळते.