निष्ठावान चाहता, श्रेणी पहिली

गाणं ऐकायला कान लागतात, हा जुन्या लोकांचा गैरसमज आहे. गाणं ऐकायला तिकीट लागतं, तिकिटाला रांग लागते आणि रांगेत टिकायला चारित्र्य लागतं. कान असले तर उत्तम. नसले तरी आत सोडतात.

थोरलीच्या बाबांकडे कान होते, चारित्र्यही होतं. तिकीट तेवढं कधी नव्हतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि काम करताना लोखंडी रुळावर पान्ह्याने आपल्या लाडक्या रॉक बँडच्या एका गाण्याचा ठेका धरायचे. (बँडमधल्या चौघांपैकी आता एक हयात नाही, एकाला टक्कल पडलं आहे आणि एकाने दोन्ही गुडघे बदलून घेतले आहेत. बँड मात्र तोच आहे, असं जाहिरातीत ठळक छापलेलं असतं.)

तिकिटासाठी बाबांनी आयुष्यात चार प्रयत्न केले. पहिल्यांदा त्यांच्या पुढच्या गृहस्थापाशी तिकिटं संपली. त्या गृहस्थाने सहा घेतली होती. बाबा त्याचं वर्णन पुढे कायम पोलिसांत द्यावं इतकं अचूक करत. दुसऱ्यांदा, खिडकी उघडायच्या वेळेलाच, कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं. तिसऱ्यांदा थोरलीची परीक्षा होती. चौथ्यांदा रांग संगणकावर आली आणि सगळं घर पडद्यासमोर बसलं. अकरावा नंबर आला आणि पडदा जागचा हलेना. तेव्हा बाबांनी धंद्यातला अनुभव पणाला लावून यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. लिफ्टला हा उपाय हमखास लागू पडतो. रांगेला पडत नाही. नंबर एक्केचाळीस हजारांवर गेला.

यावर आयोजकांनीच तोडगा काढला : निष्ठावान चाहता योजना. पहिलं गाणं कोणत्या साली ऐकलं, किती कॅसेट झिजवल्या, घरच्यांनी किती वेळा आवाज कमी करायला सांगितलं, असे बावीस प्रश्न. बाबांनी शेवटच्या प्रश्नापुढे 'रोज' असं लिहिलं आणि अर्ज धाडला.

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी उत्तर आलं. 'अभिनंदन! आपली निष्ठा सिद्ध झाली आहे. श्रेणी पहिली.' दोन जागा राखून ठेवल्या होत्या, एक धारकाची आणि एक सोबत्याची. धारक हजर नसल्यास दोन्ही जागा पुढच्या निष्ठावानाला जाणार होत्या. थोरलीला तेवढंच नको होतं. चाळीस वर्षांनी बाबांच्या नावावर खुर्ची लागली होती. ती त्या सहा तिकिटंवाल्याच्या हाती पडू द्यायची नव्हती.

तिने मदत केंद्राला फोन लावला.

"धारकांशीच बोलावं लागेल, मॅडम."

"ते वारले."

"ओके मॅडम. मग संध्याकाळी करू का फोन? असतील?"

मुलगी निर्दय नव्हती, कागदावरून वाचत होती. दोन क्षणांनी तिच्या ते ध्यानात आलं. ती हळू आवाजात "सॉरी हं, ताई" म्हणाली, आणि मग गैरहजेरीची मान्य कारणं वाचून दाखवली : आजारपण, प्रवास, लग्न, बाळंतपण. (मृत्यू यादीत नव्हता. निष्ठावान माणसं अशी मध्येच उठून जात नाहीत, असं समितीने धरलं असावं.)

"प्रवास टाक की," धाकटा भाऊ म्हणाला.

"परतीची तारीख मागतायत."



आई भाजी निवडत होती. "चाळीस वर्षं त्या बोंबा ऐकल्या मी या घरात," ती म्हणाली, "आणि आता आलेलं तिकीट परत करताय? काही नको. तू जा त्यांच्या सोबतीला." मग हात पुसून तिने कपाटातली फाइल काढली. "आणि मूळ प्रत ने. झेरॉक्सला कुणी विचारत नाही."

सभागृहाच्या फाटकावर नियमांचा फलक होता : धारकाच्या नावाचा, शिक्का असलेला, कोणताही मूळ सरकारी कागद चालेल. थोरलीने बाबांचा मृत्यूचा दाखला पुढे केला. पहारेकऱ्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. नाव जुळलं. शिक्का गोल होता. सही शाईची होती.

"फोटो नाही यावर."

"यावर नसतो."

"हो," तो दाखला परत देत म्हणाला, "आमच्या अण्णांच्या दाखल्यावरही नव्हता." मग त्याने तिकिटांवर यंत्र दोनदा टेकवलं. यंत्र दोनदा वाजलं. "दोघं. डावीकडून वर जा. लिफ्ट बंद आहे."

तर अशा रीतीने बाबा कायदेशीरपणे आत गेले. त्या संध्याकाळची उपस्थिती आयोजकांच्या दप्तरी शंभर टक्के आहे आणि ती खोटी आहे असं म्हणायला कोणताही आधार नाही.

दिवे गेले तसे अठरा हजार हात वर झाले, प्रत्येकात एक फोन. पुढचा माणूस ढोलवाल्याला चार बोटांच्या पडद्यावर पाहत होता. त्याच्या मागचा त्याच्या पडद्यावर. एक जोडपं पाठ फिरवून स्वतःचंच चित्रण करत होतं. मग ते गाणं सुरू झालं, पान्ह्यावरचं. थोरलीने चटकन फोन काढला. आईला दाखवायला हवं होतं ना! गाणं संपेपर्यंत ती लाल ठिपका लुकलुकतोय की नाही तेवढंच बघत राहिली.

पाहणीअंती असं दिसून आलं, की सभागृहात फोन न काढलेला, खायला न उठलेला, कुणाचा निरोप न वाचलेला आणि गर्दी टाळायला शेवटच्या गाण्याआधी न पळालेला प्रेक्षक एकच होता. तो तिच्या डाव्या हाताला, धारकाच्या खुर्चीवर होता. तिने त्या बाजूला पाहिलं ते दिवे लागल्यावर.

आईने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहिला. "हा हात कुणाचा?" तिने विचारलं. "आणि ओरडतंय कोण एवढं? तू?"

तुमच्याही फोनमध्ये असा एक व्हिडिओ असेल. उघडून बघा. बँड मुंगीएवढा दिसेल, आवाज फाटलेला असेल. आणि त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, ते त्यात कुठेच नसेल.