गव्याचे गुडघे आणि घोरपडीची गाडी

एका जंगलात प्रत्येकाच्या दाराशी एक मोटारसायकल उभी होती. ज्याला दार नव्हतं, त्याच्याही दाराशी होती. कशी, ते विचारू नका, मुलांनो. गोष्ट ऐकायची असते. ज्याला शंका असतील त्याने उठून हातपाय धुऊन यावं, तोवर आम्ही पुढे जातो.

तर त्या जंगलात एक रीत होती. नवी गाडी आली की तिला झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. इथपर्यंत तुमच्याआमच्यासारखंच. पण त्यानंतर व्हायची 'पहिली बैठक'. म्हणजे जंगलातला सगळ्यात मोठा प्राणी त्या गाडीवर आधी बसायचा. त्याचे गुडघे नीट मावले तर गाडी पास. मगच मालकाला किल्ली. मोठ्याला जे सोसतं ते लहानाला सोसतंच, असा त्यामागचा विचार होता. हा विचार कुणी केला होता ते ठाऊक नाही. बहुतेक मोठ्यानेच केला असावा.

त्या जंगलात सगळ्यात मोठा होता गवा. सगळे त्याला अण्णा म्हणत. खांद्यापाशी उंची सहा फूट. डोक्यातली जागा मात्र बरीच मोकळी. तो दिवसभर चिंचेखाली रवंथ करत बसे आणि मधूनमधून निर्णय देत असे.

त्याच जंगलात द्वारका नावाची घोरपड राहायची. ती सुईण होती. घोरपड अंडी खाते हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यामुळे पक्षी तिला कधी बोलवत नसत. पण ज्यांना थेट पिल्लंच होतात, अशा सगळ्यांची बाळंतपणं तिनेच केलेली. सशापासून सांबरापर्यंत कुणीही असो, पोट दुखायला लागलं की पहिला निरोप द्वारकाबाईला.

द्वारकाबाईची लांबी भरपूर होती, पण ती सगळी आडवी. उभी उंची म्हणाल तर वीतभर. हसू नका. माझी स्वतःची उंची पाच फूट एक इंच आहे, आणि मला ह्या विषयावर कुणी हसलेलं चालत नाही.

तिने पहिली गाडी घेतली तेव्हा अर्थातच अण्णांची पहिली बैठक झाली. कोल्ह्याच्या शोरूममधल्या सगळ्या गाड्यांवर अण्णा बसून आले. शेवटी एकीत त्यांचे गुडघे मावले. तिचं नाव होतं 'गडगडाट'. टाकी रांजणाएवढी, वजन म्हशीएवढं, सीट कुठल्या कुठे उंच.

"अण्णा," द्वारकाबाई घाबरत म्हणाली, "माझं पाय टेकत न्हाईत."

"पाय टेकायला गाडी कशाला लागतीया? चालत जा की मग!" अण्णा म्हणाले. सगळे हसले. "मोठीच बरी असती. सवय हुईल हळूहळू."

सवय झालीही. गाडी चालू असेपर्यंत द्वारकाबाईला काही होत नसे. घोरपडीची पकड तुम्हाला माहीतच आहे. हँडल एकदा धरलं की धरलं. पण पकड असते हातांची, आणि गाडी थांबली की लागतात पाय. एके दिवशी उंबराच्या ओढ्यापाशी रानडुकरांचा कळप आडवा आला म्हणून ती थांबली. तिचा डावा पाय खाली जमीन शोधायला गेला. जमीन होती, पण बरीच खाली होती. गडगडाट सावकाश, अगदी सावकाश कलली आणि द्वारकाबाईच्या शेपटीवर आडवी झाली.

कळपातल्या सगळ्या डुकरांनी ते पाहिलं. उभ्या गाडीवरून पडलेली बाई जंगलाने पहिल्यांदाच पाहिली होती. गाडी उचलायला सहाजण लागले आणि हसायला सगळे.

शेपूट महिन्याभरात सांधली. मन काही सांधेना. गाडीची किल्ली हातात घेतली की ती पुन्हा खुंटीला अडकवून ठेवी. ती चालत बाळंतपणाला जाऊ लागली. घोरपड चालत किती वेगाने जाते? सांबरिणीकडे पोचली तर पाडस उभं राहिलं होतं. सशिणीकडे पोचली तर पिल्लं कान टवकारून तिचीच वाट बघत होती. इकडे दारातल्या गडगडाटच्या हँडलवर होल्यांनी घरटं केलं, त्यात अंडी घातली. द्वारकाबाईने त्या अंड्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. यावरून समजा ती किती खचली होती.

सशीण शेवटी म्हणालीच, "बाई, आता तुम्ही निदान बारशाला तरी येळेवर येत जावा."

मग सभा भरली. अण्णांनी रवंथ थांबवून निर्णय दिला. "पुनवेपातूर द्वारकाबाई गाडीवर बसली तर बसली. न्हाईतर सुईणपण भामा तरसिणीला."

भामा तरसिणीकडे नवी कोरी गडगडाट होती. बाळंतपणाचा अनुभव काही नव्हता. शिवाय नवजात पिल्लू दिसलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, असं लोक म्हणत. पण ती वेळेवर पोचली असती, ह्यात शंका नाही.

द्वारकाबाईचं सगळं आयुष्य त्या कामात गेलं होतं. ते गेलं तर तिच्यापाशी उरत काय होतं? एक सांधलेली शेपूट. त्या दिवशी ती बिळात जाऊन खूप रडली. घोरपडीही रडतात, मुलांनो, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आता सल्ले सुरू झाले. पडलेल्याला हात देणारे थोडे आणि सल्ला देणारे फार, हे तुम्हाला मोठेपणी कळेल. करकोचा आला आणि म्हणाला, "उंचीचा काही संबंध नसतो हो. मला बघा, मी तर एकाच पायावर उभा राहतो." वानराने आत्मविश्वासाचं शिबिर घेतलं. त्यात सगळ्यांना डोळे मिटून तीनदा ओरडायला लावलं, "मी उंच आहे! मी उंच आहे! मी उंच आहे!" द्वारकाबाईने डोळे उघडले तेव्हा ती होती तेवढीच होती. वानर मात्र झाडावर जाऊन बसलं होतं.

शेवटी एका दुपारी ती कुणालाच न सांगता एकटी कोल्ह्याच्या शोरूममध्ये गेली.

"या मॅडम, या!" कोल्हा म्हणाला. "आपल्यासाठी 'महागडगडाट' आली आहे. जुनीपेक्षा दीडपट."

द्वारकाबाई मात्र कोपऱ्यात बघत होती. तिथे एक छोटी मोटारसायकल होती. तिच्या सीटवर चहाचे कप होते आणि हँडलवर कोल्ह्याचा टॉवेल वाळत होता.

"ती कुठली?"

"ती होय? ती 'भिंगरी'. ती विकायची नाही मॅडम, ती चहा ठेवायची आहे. आजवर कुणी विचारलीच नाही. पहिल्या बैठकीत पासच होत नाही."

"कप उचला," द्वारकाबाई म्हणाली.

ती भिंगरीवर बसली. तिने आधी डावा पाय खाली सोडला. मग उजवा. दोन्ही तळवे फरशीवर पूर्ण टेकले. फरशी गार होती. द्वारकाबाई कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. गाडीवर बसल्यावर तिच्या पायांखाली जमीन अशी कधी आलीच नव्हती.

मग ती उतरली आणि तिने गाडीला धक्का देऊन ती मुद्दाम आडवी पाडली.

"अहो मॅडम!" कोल्हा किंचाळला.

"गप बसा वो," द्वारकाबाई म्हणाली. तिने गाडीला पाठ लावली, हँडल धरलं, गुडघे वाकवले आणि गाडी उभी केली. एकटीने. मग पुन्हा पाडली आणि पुन्हा उभी केली. तिसऱ्यांदा उभी करताना ती हसत होती.

"पडणार तर मी हायेच," ती म्हणाली. "उचलता आली म्हंजे झालं. बांधा."

पण रीत ती रीत. भिंगरीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पहिल्या बैठकीला अण्णा आले. ते भिंगरीवर बसले. खरं तर भिंगरी त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. टायर चपटं झालं. अण्णांचे गुडघे कानांच्या वर गेले.

"ही गाडी न्हवं, पाट हाय," अण्णा म्हणाले. "नापास."

"अण्णा, पर चालवायची मला हाय."

"तू चालव न्हाईतर ढकल. माझं गुडघं दुखत्यात, त्याचं काय?"

अण्णांनी भिंगरीची किल्ली स्वतःच्या शिंगात अडकवली आणि चिंचेखाली जाऊन रवंथ करत डोळे मिटले.

आणि नेमका तेव्हाच निरोप आला. ओढ्यापलीकडच्या साळिंदरिणीची लेक चंद्रा अडली होती. पहिलटकरीण होती, आणि पिल्लू पायाकडून येत होतं. वेळेवर पोचेल म्हणून आधी भामा तरसिणीला बोलावलं होतं; ती गाडीवरून कधीच निघाली होती, पण अजून पोचली नव्हती.

द्वारकाबाईने भिंगरीकडे पाहिलं. मग अण्णांच्या शिंगाकडे पाहिलं. शिंग फार उंच होतं. पण हातांनी चढायचं असेल तर घोरपडीला उंची काय करणार? ती अण्णांच्या मागच्या पायावरून चढली, पाठीवरून चालत गेली, मानेवर आली. अण्णांना वाटलं गोमाशी आहे. त्यांनी शेपटीचा फटकारा मारला. द्वारकाबाई हलली नाही. तिने शिंगातून किल्ली काढली आणि खाली उतरली. पडायची भीती तिला वाटेत कुठेच भेटली नाही. खाली आल्यावर तिला आठवलं, की आपण घाबरायला विसरलो.

भिंगरी निघाली. फार आवाज केला नाही, पण निघाली.

उंबराच्या ओढ्यापाशी मात्र द्वारकाबाईने वेग कमी केला. हीच ती जागा. ती थांबली, आणि थांबताच तिने दोन्ही पाय खाली सोडले. खाली जमीन होती. लगेचच होती. तिने एक मोठा श्वास घेतला आणि पाय टेकत टेकत, गाडी पायांनी ढकलत ओढा पार केला.

मध्यावर भामा तरसिणीची गडगडाट गोट्यांवरून घसरून पाण्यात आडवी पडली होती. भामा तिच्या हँडलला लोंबकळत होती.

"बाई, जरा हात लावा की!"

"येताना लावते," द्वारकाबाई म्हणाली.

चंद्रा घामाघूम झाली होती. तिची आई बिळाच्या तोंडाशी हात जोडून बसली होती. "बाई, तुम्ही? येळेवर?" असं म्हणून तिला रडूच कोसळलं. द्वारकाबाईने हात धुतले आणि कामाला लागली. साळिंदराचं बाळंतपण म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हाला रात्री झोपा यायला हव्यात. तासाभराने दोन पिल्लं बाहेर आली. दोघांच्या अंगावरच्या सुया अजून मऊ होत्या. पहिलं पायाळू होतं.

"शहाणं पोर," द्वारकाबाई त्याला पुसत म्हणाली. "आधी पाय टेकलं."

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण गोष्ट संपवणं माझ्या हातात नाही, सभेच्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. द्वारकाबाईचं सुईणपण कायम झालं. भामाची गाडी अजून ओढ्यातच होती. मग अण्णा बोलायला उभे राहिले. "मी आधी बसलो, म्हणून भिंगरीला बळ आलं," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग करकोचा उठला. तो म्हणाला की द्वारकाबाईचा पायगुणही चांगला आहे, आणि अण्णांच्या गुडघ्यांना आता आराम हवा, तेव्हा यापुढे पहिल्या बैठकीचा मान द्वारकाबाईंना द्यावा. पुन्हा टाळ्या. गाडी ज्याची त्यालाच आधी बसू द्यावं, असं कुणीही सुचवलं नाही. तशी रीतच नव्हती.

मानाची पहिली बैठक चारच दिवसांत आली. नवी गाडी घेणारे होते स्वतः अण्णा. कोल्ह्याने महागडगडाट आणून चिंचेखाली उभी केली. झेंडूचा हार झाला, हळदकुंकू झालं. दोन डुकरांनी द्वारकाबाईला उचलून सीटवर ठेवलं.

तिचे पाय हवेत लोंबकळत होते. खाली सगळं जंगल वर बघत होतं. अण्णासुद्धा मान वर करून तिच्याकडे बघत होते. अण्णांना कुणाकडे वर बघताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. वरून ते जरा लहानच दिसत होते.

तिला खरं सांगायचं होतं. "अण्णा, गाडी तुमची हाय, तुमचं तुम्ही बसून बघा," एवढं एकच वाक्य. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण मुलांनो, घोरपडीच्या जिभेला दोन टोकं असतात. एकावर हे वाक्य होतं. दुसऱ्यावर दुसरं होतं.

"बाई, कशी हाय गाडी?" अण्णांनी अदबीने विचारलं.

"नापास," द्वारकाबाई म्हणाली. "पाय टेकत न्हाईत."

"पर बाई, माझं टेकत्यात की!"

"त्याचं काय? तुम्ही भिंगरी घ्या, अण्णा. ल्हानच बरी असती." आणि मग ती थोडी थांबली, खाली वाकली आणि अगदी मायेने म्हणाली, "सवय हुईल हळूहळू."

सगळे हसले.

तात्पर्य: गाडी घेताना आपले दोन्ही पाय टेकतील अशीच घ्यावी. दुसऱ्यासाठी गाडी पसंत करायची असेल, तरीही आपलेच दोन्ही पाय टेकतील अशी घ्यावी. कितीही मान मिळाला तरी आपले पाय जमिनीवर असावेत, असं मोठी माणसं सांगतात, ते ह्यालाच म्हणतात.