तीन सह्या

"सह्यांचे कागद कुठायत?" थ्रेलफॉल बाईंनी टॅमसिनला विचारलं.

गुरुवारची दुपार होती. इंग्रजी भाषेचा प्रकल्प उद्या सकाळी नऊला पोचायला हवा होता. विषय तिनेच निवडलेला: घरातली माणसं खरोखर बोलतात कशी. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिने फोन फुलदाणीमागे लपवला, चाळीस मिनिटांचं बोलणं टिपलं आणि पुढचे तीन आठवडे ते कागदावर उतरवलं. कोण अडखळलं, कोणी कोणाला तोडलं, कोण किती सेकंद गप्प बसलं, सगळं. बावीस पानं झाली. ज्यांचं बोलणं टिपाल त्यांची परवानगी घ्या, असं बाईंनी बजावलं होतं. पण परवानगी मागितली असती, तर आई बातम्या दिल्यासारखी बोलली असती.

"घरी राहिलेत, बाई."

"उद्या नऊपर्यंत आण. सह्या नसतील तर मी हे वाचणारसुद्धा नाही."

शेफील्डच्या विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती ती इंग्रजीत वरची श्रेणी मिळाली तरच. म्हणजे सह्या हव्यातच. आणि सह्या म्हणजे वाचणं आलं.

खरी अडचण इथेच होती. डोरीनआत्या हात धुवायला गेली, तेव्हा आई म्हणाली होती, "हिची ग्रेव्ही म्हणजे भिंतीला कागद चिकटवायची खळ." आणि आई स्वयंपाकघरात गेली, तेव्हा आत्या म्हणाली होती, "ग्लेनिसचं मटण खायला दात भाड्याने आणावे लागतात." दोघींचं वीस वर्षं बरं चाललं होतं, ते या दोन वाक्यांनी संपलं असतं.

टॅमसिनने शाळेच्या ग्रंथालयात बसून दोन वेगळ्या प्रती काढल्या. आईच्या प्रतीतून आत्याचे टोमणे गाळले, आत्याच्या प्रतीतून आईचे. घरी जाताना वाटेत आत्याचं दार वाजवलं.

"नुसती सही नाही करणार, वाचून करते," आत्या म्हणाली. "ठेवून जा. पाच वाजता आणून देते."

घरी आईनेही चष्मा लावला. टॅमसिन नखं खात समोर बसली. चौथ्या पानावर आईच्या भुवया वर गेल्या.

"दात भाड्याने?" आईने हळूच वाचलं.

प्रतींची अदलाबदल झाली होती. म्हणजे या घटकेला आत्या खळीबद्दल वाचत असणार. ती दाराकडे धावली, तर दारातच आत्या उभी, हातात कागदांची गुंडाळी.

"ग्लेनिस आहे ना घरात?" आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

दोघी समोरासमोर बसल्या. टॅमसिन भिंतीला टेकून उभी राहिली.

"पान नऊ," आत्या म्हणाली. "मी 'म्हणजे' सत्तेचाळीस वेळा म्हणते?"

"ते काहीच नाही," आई म्हणाली. "मी एकतीस वेळा मधेच तोंड घालते म्हणे. सख्ख्या आईबद्दल लिहितेस हे?"

"पण... ग्रेव्ही? मटण?"

"ते आम्ही एकमेकींच्या तोंडावर सांगतो," आत्या म्हणाली. "तू मोजलंस, त्याचा राग आलाय."

अर्धा तास टॅमसिनची खरडपट्टी निघाली. मग मात्र दोघींनी सह्या केल्या. टॅमसिनने सुटकेचा श्वास सोडला, तोच बाबा बस डेपोतून आले. त्यांनी टोपी काढली, खुर्ची ओढली आणि बावीसही पानं वाचली.

"मी नाही सही करणार," बाबा म्हणाले.

बाबा कधी कशाला नाही म्हणाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"बाबा, तुमच्याबद्दल तर यात एक वाईट शब्द नाही."

"शब्दच नाही. अकरा वेळा नुसतं 'अस्पष्ट' लिहिलंयस. मी स्पष्ट बोललो होतो. ऐकव ते."

टॅमसिनने फोन टेबलावर ठेवला. आवाज मोठा केल्यावर बाबा खरंच ऐकू आले. "मी काय म्हणतो, मंगळवारपासून मी..." पाठोपाठ आई: "बटाटे घे." पुन्हा बाबा: "तर मंगळवारी मी..." आणि आत्या: "म्हणजे त्या शेजारणीचं बघ ना." एकदा तर स्वतः टॅमसिनने त्यांना मीठ मागितलं होतं. अकराव्यांदा बाबांनी नुसताच घसा खाकरला होता.

तिघीही टेबलक्लॉथकडे बघत बसल्या.

"मंगळवारपासून काय, लेन?" आईने अखेर विचारलं.

"कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जातो. सोळाव्या वर्षी इंग्रजीत नापास झालो होतो, ती परीक्षा पुन्हा देतोय."

"तू तर जादा पाळी म्हणालास."

"जादा पाळी तू म्हणालीस. मी मान हलवली."

आत्याने बोलायला तोंड उघडलं. आईने टेबलाखालून तिला पाय मारला.

टॅमसिन बाबांच्या शेजारी बसली आणि तिने एकेक 'अस्पष्ट' खोडून वर त्यांचे शब्द लिहिले. अकरावा झाला, तेव्हा बाबांनी पेन घेतलं आणि सावकाश, शाळकरी अक्षरात सही केली.

"तुम्हाला गृहपाठ देतात का हो?" तिने विचारलं.

"देतात ना." त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. "घरातल्या माणसांचं वर्णन करा. सहा पानं झालीत. सगळं खरं लिहिलंय."

आईने हात पुढे केला. "बघू. वाचल्याशिवाय परवानगी मिळायची नाही."

बाबांनी कागद परत खिशात घातले.

"आमच्या वर्गात परवानगीचा नियम नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.