गिअरबॉक्सचं ऑइल आणि सासरेबुवांची फेरी

गाडीचं ऑइल आपण घरीच बदलायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको काहीच बोलली नाही. (लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला या गप्प बसण्याचा अर्थ कळायला हवा होता. पण तो कळत असता तर पुढचं काही झालंच नसतं.)

गाडी माझी नाही, हे आधीच सांगतो. ती सासरेबुवांची. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार. आत शिरताना माणसाला आपल्याला किती सांधे आहेत ते कळतं, आणि बाहेर पडताना त्यातले किती चालू आहेत ते कळतं. सासरेबुवांनी ती लेकरासारखी सांभाळली. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं, तेव्हा त्यांनी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मला एकदा शेजारी बसवून फिरवून आण." ती हो म्हणाली. पण गिअर बदलताना गाडी कुरकुरायला लागली होती, तेव्हा आधी गिअरबॉक्सचं आणि मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी डब्याचं, म्हणजे डिफरन्शिअलचं ऑइल बदलू, मग फेरी, असं ठरलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजला देऊन टाका, असं बायकोचं मत होतं. सासऱ्यांच्या गाडीची सेवा जावयाने स्वतःच्या हातांनी करावी, ही हौस माझी.

आता माझी नोकरी खरेदी विभागातली. तीन ठिकाणचे भाव आणि तीन जणांची मतं घेतल्याशिवाय आम्ही टाचणीसुद्धा विकत घेत नाही. ऑइल तर मोठी गोष्ट. चौकशी सुरू केल्यावर मला पहिला धक्का बसला तो असा, की दोन्हीकडे एकच ऑइल चालत नाही. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात आणि डिफरन्शिअलला जे तिखट ऑइल लागतं ते हळूहळू पितळ खातं. उलट गिअरबॉक्सला मानवणारं सौम्य ऑइल डिफरन्शिअलच्या दातांना पुरत नाही. एका घरातल्या दोन जावांसारखं. एकीला रुचलं की दुसरीला ते नकोच. त्यातही पातळ घ्यायचं की दाट, हा निराळा वाद. दुकानदार म्हणाला पातळ, ऑफिसातले हिशेबनीस म्हणाले दाट, आणि आमचे हेडक्लार्क म्हणाले की आधी दोन्ही मागवून बघा. (हेडक्लार्कांकडे सायकलही नाही. पण मत सगळ्यात ठाम त्यांचंच.)

एकदा मी दुकानदाराला फोनवर सांगत होतो, "वय झालंय हो. सकाळी पहिल्यांदा हलताना फार कुरकुर. दहा मिनिटं गरम होऊ दिलं की मग काही तक्रार नाही." मागे वळून बघतो तर आई उभी.

"माझ्या गुडघ्यांबद्दल परक्या माणसाला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. मी गाडीबद्दल बोलतोय हे पटवायला मला संध्याकाळ लागली, आणि पटल्यावर तिला जास्तच राग आला. गाडीसाठी एवढे फोन करतोस, माझ्या गुडघ्यांसाठी एकही नाही, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

इकडे सासरेबुवा दर रविवारी फोन करायचे. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारायचे, "ऑइल ठरलं का?" मी म्हणायचो, अंतिम टप्प्यात आहे. ऑफिसात हे वाक्य वर्षानुवर्षं चालतं. घरात महिन्या-दोन महिन्यांत त्याचा जोर संपतो. शेवटी बायकोनेच मध्ये पडून बाबांना रविवारी या म्हणून सांगून टाकलं. मीही मग पेटलो. दोन्हीकडची दोन ऑइलं पसंत केली, डबे घरी आणले आणि शनिवारी सकाळी जुनी पँट घालून गाडीखाली शिरलो.

गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालच्यातून जुनं ऑइल निघतं, वरच्यातून नवं भरायचं. मी खालचा उघडला. काळं ऑइल टबात पडायला लागलं तेव्हा मला जे समाधान वाटलं, ते बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. थेंब न्‌ थेंब गळू दिला, बोल्ट परत घट्ट बसवला आणि वरच्याला पाना लावला. तो हलेना. जोर केला, तेव्हा पाना सटकला आणि बोल्टचे कोपरे गुळगुळीत झाले. मग हातोडी आणली. हातोडीने अंगठा सोडून काहीही हललं नाही. तर परिस्थिती अशी होती, की ऑइल निवडायला मी अर्धं वर्ष घालवलं आणि ते आत जाईल का, हे बघायला दोन मिनिटं काढली नाहीत.

रविवारी सासरेबुवा आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. हातात गाडी चालवताना घालायचे त्यांचे जुने चामडी हातमोजे. शेजारी बसून फिरायला निघालेल्या माणसाला मोजे कशाला लागतात, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

"ऑइल ठरलं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं. जुनं काढलंसुद्धा."

"मग नवं भरलंत ना?"

"भरायचा बोल्ट उघडत नाही."

"काढायच्या आधी उघडून पाहिला नाहीत?"

मी त्यांना पितळेच्या कड्यांबद्दल सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असू द्या, पुढच्या वेळी बघू," म्हणाले, आणि एकेक बोट सोडवत मोजा काढायला लागले. ते मात्र मला बघवेना. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, ऑइलशिवाय ती चालवता येत नसली तरी आत्ताच्या आत्ता गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजला नेऊ.

"आणि स्टिअरिंग कोण धरणार?" सासरेबुवांनी अगदी सहज विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच धरा. मी शेजारी बसून रस्ता सांगते, हँडब्रेकवर हात ठेवते. डॉक्टरांनी चालवू नका म्हटलंय. हे चालवणं थोडंच आहे?"

त्यांनी काढलेला मोजा परत घातला.

तशी आमची वरात निघाली. दोघं आत, मी मागे. गल्ली सपाट आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती गॅरेजच्या दिशेने चढते. सासरेबुवा वळणावर हात बाहेर काढून इशारा देत होते, हॉर्न वाजवत होते आणि समोरच्या आरशातून माझ्याकडे बघत होते. भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींनी आम्हाला मागे टाकलं, तेव्हा हल्ली लोक फार बेफाम चालतात, असं ते म्हणाले. बायको हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. तिला इतकं खूश बघून माझेही डोळे भरून आले. (थोडा घामही होता.)

गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि हा बोल्ट कापावा लागेल, नवा मागवायला हवा, तोवर इथे जागा नाही, गाडी घरी न्या, असं सांगितलं. सासरेबुवांचा चेहरा उजळला. येताना उतार होता, तरी ते ब्रेक दाबून दाबून सावकाश आले.

घरापाशी उतरल्यावर त्यांनी मोजे काढून नीट घडी केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी मजा वर्षभरात आली नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, बोल्ट आला की ऑइल भरू आणि खरीखुरी फेरी मारू.

"जावईबापू, बोल्टाची घाई करू नका," ते म्हणाले. "माझा एक मित्र आहे, त्याचंही चालवणं असंच बंद झालंय. पुढच्या रविवारी त्याला घेऊन येतो. अंगाने जरा भारी आहे, पण तुम्हाला आता सवय झाली."